पाकिटावर ® छापण्याआधी

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या मसाला मार्केटात घरगुती ब्रँडची पाकिटं नीट बघा. बऱ्याच नावांच्या डोक्यावर ®, म्हणजे नोंदणीकृत ट्रेडमार्कचं चिन्ह, बसलेलं दिसेल, आणि त्यातलं कितीतरी डिझायनरने शोभेसाठी टाकलेलं असतं.

‘ट्रेडमार्कच्या नोंदणीसाठी अर्ज केलाय, नंबरही आलाय’ हे कारण चालत नाही. ™ म्हणजे ‘हा आमचा ट्रेडमार्क’ एवढाच दावा. तो लावायला अर्जाचीसुद्धा गरज नाही, खुशाल लावा. ® मात्र नोंदणीचं प्रमाणपत्र आल्यावरच. मध्ये तपासणी असते, मग सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी, त्यानंतर चार महिने हरकतींसाठी. नोंदणी पुढे अर्जाच्या तारखेपासून धरली जाते खरी, पण म्हणून आधीच ® छापता येत नाही. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०७ ने त्याला मनाई केली आहे.

याच कलमातली दुसरी मेख कुणी बघतच नाही. नोंदणी ज्या मालासाठी, ® त्याच मालावर. नोंदणीसाठी माल क्रमांकाच्या वर्गांत विभागलेला असतो: मसाला आणि पापड वर्ग ३० मध्ये, लोणचं वर्ग २९ मध्ये. नोंदणी फक्त ३० ची असेल तर लोणच्याच्या बरणीवर ™ च हवं. २९ साठी वेगळी फी. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन ४,५०० रुपये. नोंदणी १० वर्षांची असते, नूतनीकरण चुकवू नका.

©, म्हणजे कॉपीराइटच्या चिन्हाचा, या सगळ्याशी संबंध नाही. ते लेखन, चित्र, छायाचित्र यांसाठी. नुसत्या दुकानाच्या नावाला नाही. कॉपीराइटला नोंदणी सक्तीची नाही. ©, पहिल्या प्रकाशनाचं वर्ष, हक्कधारकाचं नाव, एवढं पुरे.

आता टायपिंग. विंडोजमध्ये नम लॉक चालू करा, ऑल्ट दाबून धरा आणि उजवीकडच्या नंबर पॅडवर आकडे मारा: © साठी ०१६९, ® साठी ०१७४, ™ साठी ०१५३. सुरुवातीचं शून्य गाळलं की भलतंच चिन्ह येतं, कारण मग जुनी कोड यादी वापरली जाते. मॅकवर ऑप्शनसोबत जी, आर आणि २. वर्डमध्ये कंसात इंग्रजी सी टाकला की आपोआप © होतो. करारातल्या (सी) उपकलमाची अशीच वाट लागते. लगेच कंट्रोल-झेड मारा.

खरा घोळ डीटीपीत, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवताना होतो. जुन्या, युनिकोड (अक्षरांची सगळीकडे सारखी चालणारी कोड पद्धत) नसलेल्या मराठी फॉन्टांत या चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. त्यामुळे ® मारलं की एखादी मात्रा किंवा अर्धं अक्षर उमटतं. तेवढंच चिन्ह निवडून त्याला एरियल द्या. ™ बहुतेक फॉन्टांत मुळातच वर चढवलेलं असतं, त्याला पुन्हा सुपरस्क्रिप्ट (लहान करून वर) केलं तर ठिपका उरतो. ® मात्र बऱ्याच फॉन्टांत ओळीत मोठं बसतं, ते लहान करून वर घ्यावं लागतं.

छपाईला फाइल कर्व्ह करूनच (अक्षरांचे आकारांत रूपांतर करून) पाठवा आणि प्रूफ खऱ्या आकारात काढून बघा. वर्तुळातला आर शाईने भरला असेल, तर चिन्ह थोडं मोठं करा.