५८९३

आज सेकंड इयरची फिजिक्सची जर्नल्स तपासली. ३१ होती. न्यूटन्स रिंग्जच्या प्रयोगात काचेवर भिंग ठेवलं की प्रकाशाची वर्तुळं दिसतात; ती मोजून, भिंगाची वक्रता त्रिज्या घालून तरंगलांबी काढायची. ३१ च्या ३१ जणांना सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी आली ५८९३ अँगस्ट्रॉम, अगदी पुस्तकातली. ना एक कमी, ना एक जास्त. यातली ९ पोरं तर त्या दिवशी प्रॅक्टिकलला आलीच नव्हती. एकाला विचारलं, तर म्हणे, "मॅडम, उत्तर तर सगळ्यांला ठाऊकच असतंय ना."

लै राग आला. जर्नल टेबलावर आपटलं. एसटीत बसल्यावर मात्र माझंच सेकंड इयर आठवत राहिलं.

मला तेव्हा ६७८० आलं होतं. पोटात गोळा आला. खोडून ५८९३ करणार, तेवढ्यात सर मागे येऊन उभे. म्हणाले, "खोडू नको माय. कामून आलं ते शोध." तीन दिवस मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. स्क्रू एकाच दिशेनं फिरवत सगळी वर्तुळं पुन्हा मोजली. तेच. शेवटी वक्रता मोजायचं स्फेरोमीटर घेऊन भिंगच मोजलं. भिंगावरच्या चिठ्ठीत वक्रता त्रिज्या १०० सेंटीमीटर लिहिलेली, आणि मोजावी तर ११५ च्या आसपास! भिंग कधीतरी बदललं होतं, चिठ्ठी जुनीच राहिली होती. खरी त्रिज्या घालून गणित केलं, तर ५९०० च्या जवळ आलं.

म्हणजे माझ्याआधीच्या कितीतरी बॅचेसनी त्या चुकीच्या चिठ्ठीवरून ५८९३ 'काढून' दाखवलं होतं. आणि सगळ्यांची जर्नल्स सर्टिफाय झाली होती.

स्टाफरूममध्ये रोज ऐकते, "आजकालच्या पोरांना इंटरेस्टच नाही." अहो, येईल कुठून? फर्स्ट इयरला नवलाई असते, थर्ड इयरला एमएस्सीची धास्ती असते. मधल्या वर्षात त्या पोराला कुणी एक तरी प्रश्न देतं का, ज्याचं उत्तर आपल्यालाही माहीत नाही? आपणच त्याला सांगतो, हे उत्तर, इथपर्यंत ये. मग तो येतो. घरबसल्या येतो.

पहाटे भरतीच्या ग्राउंडवर धावतात, सोयाबीन काढायला गावाकडं जातात, हे मान्य. बीएस्सी करून नोकरी कुठंय, हेही खोटं नाही. मी स्वतः तासिका तत्त्वावर आहे. माझ्याकडं बघून त्यांनी काय उमेद धरावी, हा प्रश्न मलाही छळतो.

पण इथून तास-दीड तासावर, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. २०२३ साली केंद्रानं मंजुरी दिली. ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून जाऊन परत येणारा लेझर, आणि दोन्हीकडचा प्रकाश एकत्र आला की त्यावरून भुजांच्या लांबीतला फरक टिपायचा. प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाइतका! मुळात व्यतिकरणच ते, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळणं, जे या पोरांच्या मायक्रोस्कोपखाली वर्तुळं होऊन दिसतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. मीही नाही. आज वर्गात आवाज चढवला, पण हे सांगितलं नाही.

त्या तीन दिवसांनी मला काय दिलं? मार्क तेवढेच पडले. पण सरांनी नवी चिठ्ठी माझ्याकडून लिहून घेतली आणि भिंगावर डकवली. मी फिजिक्स सोडलं नाही, ते त्या चिठ्ठीपायी. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं होतं की या लॅबमध्ये माझंही काही आहे.

त्या पोराला मी आज फार बोलले. त्याचा चेहरा डोळ्यासमोरून जात नाही. त्याला कुणी "खोडू नको" म्हटलंच नव्हतं.

उद्या लॅबमधल्या सगळ्या भिंगांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकणार आहे. त्रिज्या ज्यानं त्यानं मोजायची, जे येईल ते पेनानं लिहायचं. ज्यांचं सकाळी ग्राउंड असतं त्यांनी चारनंतर या, किल्ली माझ्याकडं आहे. तो माझा तास धरला जाणार नाही, तरी या.