‘ला निना आला, निफाड शून्यावर जाणार’: मेसेजमधल्या एकेका दाव्याचा समाचार

थंडीची चाहूल लागली की द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरू लागतो: ‘प्रशांत महासागर थंड पडला, ला निना आला. आता तीन महिने कडाका, निफाडचा पारा शून्यावर. हवामान खात्याचाही तसाच अंदाज आहे.’

महासागर थंड पडला म्हणजे किती? ‘निनो ३.४’ हा प्रशांत महासागरातला पट्टा विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ५ अंशांपर्यंत, १२० ते १७० अंश पश्चिम रेखांशांदरम्यान आहे. तिथल्या पृष्ठभागाच्या पाण्याची तीन-तीन महिन्यांची सरासरी नेहमीपेक्षा किमान ०.५ अंश सेल्सिअसने खाली राहिली, की ला निनाची खूण मानतात. म्हणजे पाणी तरीही २६ अंशांच्या आसपासच! तो गारवा वाहत नाशिक जिल्ह्यात, निफाडजवळच्या कादवा नदीच्या खोऱ्यात येत नाही. बदलते ती ढगांची आणि वाऱ्यांची मांडणी. उत्तर भारतात त्यामुळे थंडीकडे थोडा कल दिसतो, नाशिकला तो बराच पुसट होतो.

‘म्हणून तीन महिने कडाका’ हा दावा तर अलीकडच्या नोंदींपुढेच टिकत नाही. २०२० ते २०२३ असे सलग तीन हिवाळे ला निनाचे होते. त्यातलाच डिसेंबर २०२२ देशपातळीवर १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण डिसेंबर ठरला, आणि फेब्रुवारी २०२३ ने कमाल तापमानाच्या सरासरीचा उच्चांक मोडला. उलट डिसेंबर २०१८ मध्ये प्रशांत महासागर एल निनोकडे, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा गरम होण्याकडे, झुकलेला असताना निफाडचा पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता.

निफाडची थंडी ठरते ती वेगळ्याच गोष्टींवर. पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून उत्तर भारतात येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली, पुढे सरकली की त्यामागून उत्तरेकडचे कोरडे वारे खाली उतरतात. त्यात रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, तर जमिनीची उष्णता भराभर निसटते आणि जड, गार हवा सखल भागात साचते. यातले एक जरी बिनसले, समजा अरबी समुद्रात कमी दाब तयार होऊन ढग आले, तर किमान तापमान दोन दिवसांत कितीतरी अंशांनी चढते. हे जुळून येणार का, याचा भरवशाचा अंदाज फार तर पाच-सात दिवस आधी मिळतो. नोव्हेंबरात बसून जानेवारीची रात्र सांगता येत नाही.

‘खात्याचा तसाच अंदाज’ ही तर वाचण्यातलीच चूक. हंगामी अंदाज शक्यतेत असतो: सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतके, सरासरीपेक्षा जास्त. काहीच कल नसेल तर प्रत्येकाला साधारण ३३ टक्के. ‘कमी’ला ४५ टक्के दिले, तरी तसे न होण्याची शक्यता ५५ टक्के उरतेच. शिवाय तो आकडा पूर्ण हंगामाच्या सरासरीचा असतो, एका पहाटेचा नव्हे.

राहिले मेसेजसोबत फिरणारे गोठलेल्या दवाचे फोटो. हवामान केंद्राचा तापमापक हवेशीर पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर असतो. शांत, निरभ्र रात्री गवतालगत त्याहून काही अंश कमी भरते. त्यामुळे पेटीत ३-४ अंश असतानाही पानावर बर्फ दिसू शकतो. फोटो खरा, ‘शून्य’ खोटे.

बागेसाठी थंडीची तारीख पाहायची ती पाच दिवसांच्या जिल्हा अंदाजात. स्वतःचा किमान तापमापक घडांच्या उंचीवर, बागेच्या सर्वांत सखल कोपऱ्यात लावा. घराच्या भिंतीवरचा नेहमी जास्तच दाखवतो. बागेतला पारा झपाट्याने उतरू लागला, की पहाटे ठिबक सुरू करा. विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असते.