भावंडांच्या लसी थांबवू नका: एका मेसेजला उत्तर

माझ्या भाच्याचं यकृत बदललेलं आहे. जन्मापासूनच त्याच्या पित्तनलिका बंद होत्या. बिलिअरी अट्रेशिया म्हणतात याला, आणि लहान मुलांमध्ये यकृत प्रत्यारोपणाची वेळ सर्वांत जास्त याच आजारामुळे येते. तान्हेपणी केलेली पहिली शस्त्रक्रिया पुरी पडली नाही आणि वर्षाचा व्हायच्या आतच प्रत्यारोपण करावं लागलं. आता तो शाळेत जातो, पळतो, भांडतो. नवं यकृत शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं टॅक्रोलिमस हे औषध तो सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळेला घेतो. रक्तातली पातळी तपासायची असेल त्या दिवशी सकाळचा डोस हातात धरून आधी रक्त द्यायचं, मग औषध घ्यायचं, हे त्याला आता सांगावंही लागत नाही. त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर गोवराचा रकाना मात्र कोरा आहे.

गेल्या आठवड्यात त्याच्या आत्याने ताईला एक फॉरवर्ड पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘वहिनी, तुम्ही काळजी करू नका. आम्ही धाकटीची गोवराची लस थांबवली आहे. त्याच्यासाठी एवढं तर करूच.’ ही दोन मुलं रोज संध्याकाळी एकत्र खेळतात. आत्याने हे मायेपोटी केलं, तिच्यावर माझा राग नाही. पण ज्याने कोणी तो मेसेज लिहून सोडून दिला, त्याने एका आईच्या मायेलाच कामाला लावून माझ्या भाच्याचा धोका वाढवला आहे. म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. पण भाच्याच्या आजारपणात प्रत्यारोपणाच्या टीमकडून जे शिकले आणि त्यानंतर जे वाचलं, त्यावरून या मेसेजला उत्तर देता येतं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्यारोपण झालेल्या मुलाला कुठलीच लस देऊ नये, लसीमुळे शरीर नवा अवयव नाकारतं, तशीही औषधांमुळे लस लागू होत नाही, घरातल्या इतर मुलांनाही लस देऊ नये, कारण त्यांच्या अंगातून लसीचा विषाणू बाहेर पडतो, गोवर-कांजिण्या हे साधे आजार आहेत, होऊन गेलेले बरे, आणि लसीऐवजी प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या वनस्पतींच्या गोळ्या द्याव्यात.

सुरुवात भावंडांच्या मुद्द्यापासून करते, कारण सगळ्यांत घातक तोच आहे.

मेसेज म्हणतो, लस घेतलेल्या मुलाच्या श्वासातून आणि लाळेतून पुढचे कित्येक आठवडे विषाणू पसरत राहतो. गोवराची लस १९६३ पासून वापरात आहे. तेव्हापासून जगभर कोट्यवधी डोस दिले गेले. तरीही लसीतला दुर्बल केलेला गोवराचा विषाणू लस घेतलेल्या माणसाकडून दुसऱ्याला गेला, असं सिद्ध झालेलं एकही उदाहरण नाही. एकही नाही.

आता खरा गोवर कसा पसरतो ते बघा. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. अंगावर पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून तो माणूस इतरांना गोवर देत असतो. त्या चार दिवसांत आईला दिसतं काय, तर ताप, सर्दी, खोकला, लाल झालेले डोळे. साधी सर्दी समजून ती मुलाला खेळायला पाठवते. लस न घेतलेले, आधी गोवर न झालेले लोक रोग्याच्या निकट सहवासात आले तर दहांपैकी नऊ जणांना लागण होते. म्हणजे आत्याच्या धाकटीला लस न देता आपण नेमकं काय केलं? ज्या विषाणूचा धोका कुणाला दाखवता आलेला नाही तो टाळण्यासाठी, सर्वांत वेगाने पसरणाऱ्या आजारांपैकी एकाला रोज संध्याकाळी भाच्याशेजारी येऊन बसायची वाट मोकळी केली.

भाच्याला स्वतःला सध्या ही लस देता येत नाही. त्याच्याभोवतीच्या माणसांना गोवर न होणं, हेच त्याचं संरक्षण आहे. गोवराची साथ रोखायला साधारण ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. त्यात सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे त्याच्या घरातले आणि खेळातले.

हे माझ्या मनचं नाही. ‘इन्फेक्शियस डिसीजेस सोसायटी ऑफ अमेरिका’ या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्ये प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांच्या लसीकरणाची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात घरातल्या निरोगी माणसांनी गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि तान्ह्यांसाठी रोटाव्हायरस (जुलाबांचा विषाणू) या जिवंत, म्हणजे दुर्बल केलेला पण जिवंत जंतू असलेल्या, लसीसुद्धा घ्याव्यात, असं स्वच्छ म्हटलं आहे. फ्लूची लस तर सहा महिन्यांपुढच्या प्रत्येकाने दरवर्षी घ्यायची. आजी-आजोबांनीही.

या मुद्द्यात खरं आहे ते इतकंच. तोंडातून द्यायचे पोलिओचे थेंब जिवंत विषाणूचे असतात आणि तो विषाणू शौचावाटे खरोखरच बाहेर पडतो. म्हणून अशा मुलाच्या घरातल्यांना थेंब न देता पोलिओचं इंजेक्शन द्यायचं असतं. रोटाव्हायरसची लस मिळालेल्या बाळाचे लंगोट प्रत्यारोपण झालेल्या मुलाने महिनाभर हाताळायचे नाहीत आणि मोठ्यांनी ते बदलल्यावर हात नीट धुवायचे. कांजिण्यांच्या लसीनंतर कुणाच्या अंगावर पुरळ आलंच, तर ते जाईपर्यंत त्या मुलाला लांब ठेवायचं. तसा संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत, पण त्या अगदी मोजक्या. एवढी पथ्यं पाळली की झालं. आणि शंका असेल तर आपल्या मनाने लस थांबवण्यापेक्षा प्रत्यारोपणाच्या टीमला विचारा.

‘कुठलीच लस देऊ नये’ या दाव्यातही थोडं तथ्य आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. जिवंत लसी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, क्षयाची बीसीजी, पोलिओचे थेंब, नाकात मारायचा फ्लूचा फवारा, या प्रत्यारोपणानंतर सरसकट दिल्या जात नाहीत. दबलेल्या प्रतिकारशक्तीला दुर्बल विषाणूही जड जाऊ शकतो. पण मेसेजवाल्याने एवढ्यावरून सगळ्याच लसी बाद करून टाकल्या. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, हिब, न्यूमोकॉकस आणि मेनिन्गोकॉकस (न्यूमोनिया, मेंदूज्वर यांसारखे आजार करणारे जिवाणू), हिपॅटायटिस अ आणि ब, एचपीव्ही, पोलिओचं इंजेक्शन, फ्लूचं इंजेक्शन. यांत रोग निर्माण करू शकेल असं जिवंत काहीच नसतं. या लसी प्रत्यारोपणानंतर साधारण तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा सुरू करतात. फ्लूची साथ असेल तर ते इंजेक्शन महिन्याभरानंतरही देतात. भाच्याच्या कार्डावर या सगळ्यांच्या तारखा आहेत.

जिवंत लसींची खरी वेळ असते ती प्रत्यारोपणाच्या आधी. ज्यांच्या मुलाचं नाव प्रतीक्षा यादीत आहे किंवा लवकरच जाणार आहे, त्यांनी हे नीट वाचावं. अशा बाळाला गोवराची लस नेहमीच्या वयापर्यंत थांबून न देता सहाव्या महिन्यापासून देता येते. मुख्य अट अशी, की लस आणि प्रत्यारोपण यांत किमान चार आठवड्यांचं अंतर हवं. अडचण अशी की आजारी बाळाला कधी ताप असतो, कधी पोटात पाणी झालेलं असतं, कधी ते रुग्णालयात भरती असतं, आणि प्रत्येक वेळी घरचे म्हणतात, जरा बरं होऊ दे, मग बघू. मग अचानक अवयव मिळाल्याचा फोन येतो आणि संधी निघून जाते. आमच्याकडे हेच झालं. लसीबद्दल तेव्हा आम्हाला कुणी आग्रहाने सांगितलं नाही आणि विचारावं हे आम्हालाही सुचलं नाही. यादीतल्या मुलाच्या पालकांनी पुढच्याच भेटीत लसीचं कार्ड टेबलावर ठेवून विचारावं, यातली कोणती लस आज देता येईल?

आणि प्रत्यारोपणानंतर दार कायमचं बंद होतं असंही आता राहिलेलं नाही. २०१८ मध्ये जिनिव्हात तज्ज्ञांची एक बैठक झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. त्यांचं मत असं की यकृत किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपणाला वर्ष उलटून गेलेलं असेल, अवयव नाकारला जाण्याचा प्रकार अलीकडच्या दोन महिन्यांत झालेला नसेल, औषधांचं प्रमाण कमी असेल आणि रक्ताच्या तपासण्या ठीक असतील, तर निवडक मुलांना गोवराची आणि कांजिण्यांची लस देता येते. हा निर्णय अर्थातच टीमचा, शेजारच्या दवाखान्यात जाऊन परस्पर टोचून घ्यायची ही गोष्ट नाही. भाच्याबद्दलही हा विचार सुरू आहे.

लसीमुळे अवयव नाकारला जातो, हा दावा पालकांना सगळ्यांत जास्त घाबरवतो. नाकारला जाणं म्हणजे काय ते आम्ही भोगलंय. रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे चढतात, बायोप्सी होते, म्हणजे यकृताचा छोटा तुकडा काढून तपासतात, स्टिरॉइडचे मोठे डोस द्यावे लागतात. त्यामुळे ही भीती मला कळते. पण यावर बरंच संशोधन झालं आहे आणि लसी दिलेल्या रुग्णांत नाकारलं जाण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलेलं नाही. उलट फ्लूसारख्या खऱ्या संसर्गानंतर अवयव नाकारला गेल्याच्या नोंदी मात्र आहेत.

आणि याच मेसेजच्या शेवटी काय सुचवलंय? प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या! लसीने प्रतिकारशक्ती जागी होते म्हणून ती वाईट म्हणायची, आणि तीच प्रतिकारशक्ती चेतवायला या गोळ्या घ्या म्हणायचं. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज तरी पुरता वाचला होता का? काही वनस्पतीजन्य औषधं टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी बदलतात. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती ती इतकी खाली आणू शकते की अवयव नाकारला जाण्याचा धोका उभा राहतो. टीमला न विचारता असं काहीही देऊ नका.

‘लस लागू होत नाही.’ कमी लागू होते, हे खरं. रोगाशी लढणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) कमी बनतात, लवकर ओसरतात. म्हणूनच तर हिपॅटायटिस ब सारख्या लसीनंतर रक्त तपासतात आणि गरज पडली तर पुन्हा डोस देतात. थोडं संरक्षण मिळतंय म्हणून तेही नको, हा कुठला न्याय?

राहिला ‘साधे आजार’ हा मुद्दा. निरोगी मुलांतही गोवराच्या हजार रुग्णांमागे साधारण एकाच्या मेंदूला सूज येते. प्रतिकारशक्ती दबलेल्या मुलात गोवर थेट फुप्फुसांत उतरतो, कधी काही महिन्यांनी मेंदूत डोकं वर काढतो. कांजिण्या त्वचेपुरत्या न राहता फुप्फुसं आणि यकृतापर्यंत जाऊ शकतात, त्याच यकृतापर्यंत ज्याच्यासाठी एवढं सगळं केलेलं असतं.

‘जामा पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २०१९ मध्ये फेल्डमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला आहे. अमेरिकेतल्या बालरुग्णालयांत २००४ ते २०११ या काळात अवयव प्रत्यारोपण झालेल्या ६,९८० मुलांची माहिती त्यांनी तपासली. पहिल्या पाच वर्षांत त्यांतली १,०९२ मुलं, म्हणजे १५.६ टक्के, लसीने टाळता येणाऱ्या संसर्गांसाठी रुग्णालयात होती. साधारण दर सहा-सात मुलांमागे एक. सर्वसाधारण मुलांच्या तुलनेत हे प्रमाण ८७ पटींपर्यंत जास्त निघालं. वयाच्या दोन वर्षांच्या आत प्रत्यारोपण झालेल्या मुलांना धोका अधिक होता, फुप्फुस, हृदय किंवा आतडं बदललेल्यांनाही. कुणी म्हणेल की या आकड्यांत आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणूही धरला आहे आणि त्या काळी त्याची लस नव्हती. बरोबर आहे, आणि त्याचा वाटा मोठाही आहे. पण फ्लूही त्यात आहे, आणि फ्लूची लस तेव्हाही होती.

मेसेजमध्ये जाता जाता असंही म्हटलंय की संपर्क आलाच तर देवावर हवाला ठेवण्यापलीकडे काही करता येत नाही. हे तर साफ खोटं आहे. गोवराच्या रोग्याशी संपर्क आल्यापासून सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, देता येतं. कांजिण्यांसाठी वेगळं इम्युनोग्लोब्युलिन असतं, ते शक्य तितक्या लवकर, फार तर दहा दिवसांपर्यंत. कांजिण्यांच्या विषाणूवर अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषधही आहे. म्हणून शाळेतून किंवा खेळातल्या कुणाकडून गोवर-कांजिण्यांची बातमी आली की त्याच दिवशी टीमला फोन करायचा. वर्गातल्या किंवा खेळातल्या कुठल्याही मुलाला गोवर-कांजिण्या झाल्या तर तुम्हाला लगेच कळवावं, हेही शाळेला आणि नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा. पुरळ उठतंय का याची वाट बघत बसू नका, कारण प्रतिकारशक्ती दबलेल्या मुलाला गोवर झाला तरी कधी कधी पुरळ उठतच नाही.