अहो, ते कार्टून होतं!

23 ऑगस्ट 2023च्या संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी चांद्रयान-3चा लँडर विक्रम चंद्रावर उतरला, तेव्हा तुम्हीही टाळ्या पिटल्या होत्या हे मला ठाऊक आहे. असू दे. त्या भरात खाल्लेले पेढेही एव्हाना पचले असतील. आता सावरून बसा आणि सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज टाका: 'त्या दिवशी दाखवलं ते कार्टून होतं. कुणाच्या लक्षात आलं का?'

हा हुकमी एक्का आहे, कारण ते खरंच कार्टून होतं. उतरणाऱ्या यानाचं ॲनिमेशन, शेजारी वेग आणि उंचीचा आलेख, आणि मधूनमधून खुर्च्यांवर अवघडून बसलेले शास्त्रज्ञ, एवढंच पडद्यावर होतं. 3 लाख 84 हजार किलोमीटरवर एक कॅमेरामन आधीच पाठवून ठेवायला काय झालं होतं? साध्या लग्नात दोन असतात. दुसऱ्या दिवशी इस्रोनं यानावरच्या कॅमेऱ्यानं उतरताना टिपलेला चंद्र दाखवला. तेव्हा लगेच लिहायचं, 'एक अख्खी रात्र मिळाली की काय काय करता येतं!' थेट दाखवलं तर कार्टून, उशिरा दाखवलं तर एडिटिंग. एवढं पाठ केलंत की निम्मं काम झालं.

आता उड्डाणाचा व्हिडिओ घ्या. 14 जुलै, दुपारी 2 वाजून 35 मिनिटं, श्रीहरिकोटा. साडेत्रेचाळीस मीटर उंचीचं, 640 टनांचं एलव्हीएम-3 रॉकेट. व्हिडिओ थांबवत थांबवत बघा. आग फक्त बाजूच्या दोन बूस्टरखाली दिसेल, मधल्या भागाखाली काहीच नाही. तिथे लाल गोल काढा आणि विचारा, 'मधलं इंजिन बंद कसं?' ती मधली दोन विकास इंजिनं जमिनीवर पेटतच नाहीत, पावणेदोन मिनिटांनंतर वर हवेत पेटतात, रॉकेटची रचनाच तशी आहे, असं कुणीतरी सांगेल. त्याला फक्त एवढंच म्हणा, 'तुम्ही बघायला गेला होतात वाटतं?'

इथे एक धोका आहे. विकास इंजिनं विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार होतात आणि त्या बूस्टरची पोलादी आवरणं इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला. म्हणजे ग्रुपवर कुणाचा तरी सासरा तिथला निवृत्त वेल्डर निघायचा. त्याच्या नादी लागू नका. जन्मभर सांधे जोडलेला माणूस वादातही सांधा सोडत नाही. ॲडमिनला सांगून त्याला आधीच काढून टाका.

रॉकेट वर गेल्यावर समुद्राकडे कलतं, तेही सोडू नका. दिवाळीत बाटलीतून उडवलेलं रॉकेट कसं सरळ वर जातं, निदान जावं अशी अपेक्षा तरी असते. इस्रोचं मात्र वाकडं! पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर नुसती उंची उपयोगाची नाही, सेकंदाला पावणेआठ किलोमीटरचा आडवा वेग लागतो, म्हणून ते कलतं, हे वाक्य कानावर पडलं की जांभई द्या. त्याच दिवशी चेन्नईहून ढाक्याला निघालेल्या विमानातून एका प्रवाशानं खिडकीतून हे उड्डाण टिपलं होतं. तो प्रवासी सामील. वैमानिकही सामील. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर एक भलंमोठं पिंप वाहत आलं आणि ते बहुधा इस्रोच्याच पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचं असावं, असं तिथल्या अंतराळ संस्थेनं जाहीर केलं. समुद्रही सामील.

फक्त एका माणसासारखं वागू नका. 2019च्या सप्टेंबरमध्ये चांद्रयान-2चा लँडर, त्याचंही नाव विक्रमच, 2.1 किलोमीटर उंचीच्या खाली आल्यावर गप्प झाला. मग इस्रोनं सांगितलं, सापडलाय, पण संपर्क होत नाही. फोटो? तो काही दाखवला नाही. विक्रम 'जोरात उतरला' हे लोकसभेतल्या लेखी उत्तरात आलं ते नोव्हेंबरमध्ये. (खरं सांगायचं तर तुमच्या-माझ्यासारख्यांचं दुकान अशा मौनावरच चालतं. त्याबद्दल सरकारी खात्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.) तेव्हा चेन्नईतल्या एका इंजिनिअरलाही चैन पडेना. पण पठ्ठ्यानं फॉरवर्ड केलं नाही. नासाच्या यानानं काढलेले त्या जागेचे आधीचे आणि नंतरचे फोटो सगळ्यांसाठी खुले होते. ते लॅपटॉपवर शेजारी शेजारी ठेवून तो रात्र-रात्र ठिपके जुळवत बसला, एक जास्तीचा ठिपका त्याला सापडला, आणि त्यानं तो नासाला कळवला. डिसेंबरमध्ये नासानं त्याला श्रेय देऊन सांगितलं, हो, हा विक्रमचाच अवशेष. आता बघा, शंका घ्यायची आणि वर डोळेही फोडून घ्यायचे! अशी माणसं आपल्या धंद्याला बट्टा लावतात.

शेवटचं पथ्य: श्रीहरिकोट्याला चुकूनही जाऊ नका. तिथे सामान्य लोकांसाठी गॅलरी बांधलीय, नाव नोंदवून कुणालाही उड्डाण बघता येतं. मेव्हण्यानं तिकिटं काढलीच आणि जावंच लागलं, तर निदान डोळे उघडे ठेवा. आधी झाडांच्या वर नुसता उजेड चढताना दिसेल, अगदी मुका. आवाज मागून येईल, दर किलोमीटरला तीन सेकंद उशिरानं. लगेच मेव्हण्याला कोपरानं ढोसा: 'बघ, डबिंग चुकलंय.' मग तो आवाज पोचेल, पायाखालची फरशी थरथरेल, छातीत ढोल वाजल्यासारखं होईल, शेजारचं पोर रडायला लागेल. तेव्हा घाबरू नका. खाली वाका आणि स्पीकर कुठे लपवलेत ते शोधायला लागा.