त्याला आत कुणी घेतलं?

परवा सोलापुरात सात रस्त्याजवळ चहा पिताना एका जुन्या मित्राशी चांगलाच वाद झाला. विषय निघाला व्हँपायरच्या कथांचा. त्याचं म्हणणं, "खुनाच्या गोष्टीत भूत घुसवलं की वाचकाला फसवलंच समज. अडीचशे पानं आम्ही संशयित मोजायचे आणि शेवटी लेखक म्हणणार, रक्त पिणाऱ्यानं मारलं. मग डोकं कशाला चालवायचं?" रिक्षा आली, वाद तुटला, पण घरी येऊनही ते मनातून जाईना. म्हणून इथं लिहितोय.

त्याची तक्रार जुनी आहे. रोनाल्ड नॉक्स हे इंग्रज धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहायचे. त्यांनी 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यातला दुसराच असा की अमानवी शक्तींना कथेत थारा नाही. मला हा नियम समजतो. ज्या भुताला काहीही करता येतं, त्याच्यापुढं कोडं उरतच नाही. पण व्हँपायर तसा नाही. इतकं नियमांनी जखडलेलं दुसरं भूत मला माहीत नाही. आरशात तो दिसत नाही. लसूण त्याला चालत नाही. वाहतं पाणी ठरावीक वेळीच ओलांडता येतं. झोपायला स्वतःच्या मुलखातली माती लागते. लेखकानं हे नियम आधी उघड सांगितले आणि शेवटच्या पानापर्यंत पाळले, तर त्यातला एकेक नियम पुरावा होतो. वाचकाला फसवलं जातं ते लेखकानं मध्येच नियम बदलल्यामुळं, भूत आणल्यामुळं नव्हे.

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' 1897 ची. सिनेमांमुळं ती आपल्याला वेगळीच आठवते. उन्हात तो जळून मरतो, हे कादंबरीत नाहीच. तिथला काउंट ड्रॅक्युला भर दिवसा लंडनमध्ये फिरतो, फक्त दिवसा त्याची ताकद कमी असते. उन्हानं मरणं आलं 1922 च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून.

मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा अकरावीत होतो. लोडशेडिंगचे दिवस, गच्चीवर सतरंजी, शेजारी कंदील. तेव्हा घाबरलो ते किल्ल्यातल्या प्रकरणांना. आता चाळिशी उलटल्यावर वाचताना काटा येतो तो कादंबरीतल्या मीनाच्या टाइपरायटरपाशी. कारण ते सगळं पुस्तक म्हणजे तपासाची फाईल आहे. डायऱ्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रातली कात्रणं, डॉक्टरनं फोनोग्राफवर बोलून ठेवलेल्या नोंदी. मीना हे सगळं टाइप करून तारखेनुसार लावते, आणि तेव्हा कुठं सगळ्यांना दिसतं की वेगवेगळ्या ठिकाणी घडलेल्या गोष्टी एकाच माणसाकडं बोट दाखवतायत. काउंटला हे कळतं तेव्हा तो येऊन ते कागद जाळतो. पुरावा नष्ट करणारा आरोपीच तो. पण एक प्रत तिजोरीत राहिलेली असते.

मीनाची मैत्रीण ल्यूसी, तिचं आजारपण तर सरळ तपासाच्याच अंगानं लिहिलंय. चार पुरुषांचं रक्त तिच्या अंगात चढवतात, तरी ती पांढरीफटक. मग त्यांच्यातलाच एक जण विचारतो, एवढं रक्त गेलं कुठं? या प्रश्नापाशी भय आणि तपास वेगळे करताच येत नाहीत. पुढं काउंटच्या मातीच्या पन्नास पेट्या शोधायच्या असतात, तेव्हा मीनाचा नवरा जोनाथन गाडीवाल्यांना आणि हमालांना गाठून पत्ते काढत फिरतो. एकोणपन्नास सापडतात. एक नाही.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती उंबरठ्याची अट. घरातल्या कुणीतरी बोलावल्याशिवाय तो पहिल्यांदा आत येऊ शकत नाही. बंद खोलीतल्या खुनाचं कोडं इथं उलटं होतं. मारलं कुणी हे माहीत असतं, दार उघडलं कुणी हे माहीत नसतं. आणि ते उघडणारा हा घरातलाच, जिवंत, आपल्या ताटात जेवणारा. कादंबरीत मीनावर हल्ला होतो तो वेड्यांच्या इस्पितळात, आणि तिथं काउंटला आत घेणारा असतो तिथलाच एक रुग्ण, रेनफिल्ड. त्याला जिवांचं आमिष दाखवलेलं असतं. अशा कथेत गुन्हेगार दोन असतात, आणि दुसरा शोधणं पहिल्याला शोधण्यापेक्षा जड जातं.

आमच्या शेजारच्या कन्नड काकू लहानपणी एक गोष्ट सांगायच्या. रात्री एक चेटकीण दारावर थाप मारते, ओळखीच्या आवाजात हाक देते. उघडायचं नाही. म्हणून लोक दारावर 'नाळे बा' लिहून ठेवायचे, म्हणजे उद्या ये. ती रोज वाचते आणि परत जाते. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू घरं भिंतीला भिंत लावून, त्यामुळं आम्हाला भुतं तीन भाषांतली मिळाली. दार सगळ्यांत होतं.

आणि हे मिश्रण परकं आहे असं कुणी म्हणू नये. रिचर्ड बर्टननं वेताळपंचविशीच्या गोष्टी 1870 साली इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळासाठी 'व्हँपायर' हाच शब्द वापरला. वेताळ रक्त पीत बसत नाही, हे खरं. पण प्रेतात वस्ती करून राजाला तो विचारतो काय? घार सापाला पकडून उडते, सापाच्या तोंडातलं विष खाली अन्नात पडतं, ते अन्न खाऊन ब्राह्मण मरतो. दोषी कोण? घार, साप, की वाढणारी? हा खटलाच आहे, आणि तो मांडतोय स्मशानातला वेताळ.

तरी आमच्या वाचनालयात रहस्यकथावाले बाबूराव अर्नाळकर एका कपाटात आणि भयकथावाले नारायण धारप दुसऱ्या. दोन्ही कपाटं मी उपसली. अर्नाळकरांच्या झुंजारच्या मागं धावलो, धारपांच्या 'लुचाई'नं रक्तपिपासू मराठी गावात आणला तेव्हा रात्री दिवा चालू ठेवून झोपलो. पण दोन्ही कपाटांच्या मधली, रक्तपिपासू आणि चोख तपास दोन्ही असलेली कादंबरी मला मराठीत अजून भेटलेली नाही.

ती इथं घडावी असं मला मनापासून वाटतं. धुकं नको, बर्फ नको. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला जातो, तेव्हा दिवसभर दारं-खिडक्या लावून बसणाऱ्या माणसाचा या गावात कुणाला संशय येणार? किल्ल्याऐवजी मिल घ्या. चालू मिल, साठ-सत्तर वर्षांपूर्वीची. रात्रपाळी, साच्यांचा म्हणजे मागांचा खडखडाट, किंकाळी दोन हातांवरही ऐकू जाणार नाही. हजेरीपटावर नावं रोज बदलणारे बदली कामगार. एक बदली फक्त रात्रीच येतो, पहाटेच्या भोंग्याआधी दिसेनासा होतो. त्याला वाटेल तेव्हा फाटकातून आत येता येत नाही, कारण बदलीला कामावर घ्यायचं की नाही हे जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ठरवतो. जॉबर "ये" म्हणाला तरच. तीन महिन्यांत चार माणसं जातात, सगळे म्हणतात क्षय. आणि हजेरी लिहिणारा एक कारकून, आमची मीना तोच, जुने पट तारखेनुसार लावायला बसतो. चारही रात्री त्या बदलीचं नाव वेगळं, पण घेणाऱ्या जॉबरची सही एकच.

माझे आजोबा रात्रपाळीला होते. जॉबरला काय काय द्यावं लागायचं ते सांगायचे, त्यामुळं त्या जॉबरला काय मिळालं असेल याचा अंदाज मला आहे. मला लिहिता येत नाही, वाचता येतं. कुणी लिहीत असेल तर जुन्या मिलमधले शब्द, पाळ्या, खाती याबद्दल मला आठवतंय ते सगळं द्यायला तयार आहे. आणि तुमच्या घरी रात्रपाळीच्या कुठल्या गोष्टी सांगायचे, तेही खाली लिहा.