समान वेतन, पण कुणाच्या समान?

आरोग्य क्षेत्रात बायकांना पुरुषांपेक्षा सरासरी २४ टक्के कमी पैसे मिळतात, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२२चा अहवाल सांगतो. तेही या क्षेत्रात जगभर ६७ टक्के बायकाच राबत असताना. परवा एक मित्र म्हणाला, "आपल्या सरकारी दवाखान्यात असलं काही नसतं रे, सिस्टर असो की ब्रदर, पे स्केल एकच."

खरंय. पण आशाताईंना, म्हणजे गावात घरोघरी जाऊन सरकारी आरोग्यसेवेचं काम करणाऱ्या बायकांना पे स्केलच नाही, त्याचं काय? २००५ला आशा योजना आली तेव्हापासून नियम असा की आशा ही बाईच हवी, त्याच गावातली. तेच काम करणारा पुरुष शेजारी नाही. मग समान वेतनाचा कायदा काढून तुलना करायची कुणाशी?

माझी मावशी आशा आहे. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिच्याकडे जायचं. बाळाला झोळीत घालून वजन करायचं, ताप बघायचा, घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजायचे, बाळ नीट पितंय का बघायचं, फॉर्म भरायचा. सहाही फेऱ्यांचे मिळून २५० रुपये. तेसुद्धा जन्माची नोंद आणि लसी झाल्या, मायलेकरं बेचाळीस दिवस सुखरूप राहिली, तर! डॉक्टरचा पगार असा पेशंटच्या जगण्यावर लावून बघा कुणी.

बरं, हे काम मूळचं आपल्या गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, पुढे देशभर गेलं. काम गेलं, दाम मागेच राहिला.

२०२२ला जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले. २०२३च्या शेवटी आपल्याकडे महाराष्ट्रात त्या संपावर होत्या. मानधनात वाढ जाहीर झाली, जीआर निघेना. जानेवारीत पुन्हा संप, मग आझाद मैदानावर ठिय्या, तेव्हा कुठे मार्च २०२४मध्ये महिना पाच हजारांची वाढ मंजूर झाली. आणि सरकारी योजनांवर राबणाऱ्या या बायकांना कामगार माना, किमान वेतन द्या, ही भारतीय श्रम परिषदेची शिफारस २०१३ची आहे!

"अर्धवेळ सेवा आहे हो ती," असं म्हणणाऱ्यांनी रात्री दोनला कळा सुरू झालेल्या बाईसोबत एकदा गाडीत बसून यावं.

माझं म्हणणं, पद मंजूर करा, वेतनश्रेणी लावा, प्रॉव्हिडंट फंड कापा. त्याला वेळ लागणार असेल तर आधी एवढं तरी करा. फेरी झाली त्याच महिन्यात तिचे पैसे द्या, बाळ जगलं की नाही यावर ते अडकवू नका.