पाण्याखालील चित्रणासाठी ‘एकच सेटिंग’: फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

पावसाळा सरून मालवण-तारकर्लीच्या होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या की स्कूबा डायव्हिंगला निघालेल्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश फिरू लागतो. त्याचा सारांश असा: ‘अॅक्शन कॅमेरा 4के आणि 60 फ्रेमवर ठेवा, लेन्स लिनिअर (कडा सरळ दाखवणारी), व्हाइट बॅलन्स (रंगांचे संतुलन) ऑटो, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 6400 पर्यंत मोकळा, स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणे) सर्वांत वरचे आणि लाल फिल्टर कायम लावलेला. मग समुद्र कुठलाही असो, व्हिडिओ उत्तमच येतो. उरलेले रंग नंतर अॅपमध्ये परत आणता येतात.’ मी स्वतः पहिल्या हंगामात जवळपास हेच सर्व पाळले होते आणि हिरव्या धुक्याचे तासभराचे चित्रण घेऊन घरी परतलो होतो. त्यामुळे या संदेशातील एकेक दावा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत मोठी चूक ‘समुद्र कुठलाही असो’ या तीन शब्दांत आहे. पाणी प्रकाशातील सर्व रंग सारख्या प्रमाणात शोषत नाही. अगदी शुद्ध पाण्यातही 650 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश दर मीटरला सुमारे 29 टक्क्यांनी घटत जातो. म्हणजे 5 मीटर अंतर कापल्यावर त्याचा जेमतेम 18 टक्के आणि 10 मीटर कापल्यावर 3 टक्क्यांच्या आसपास भाग उरतो. त्याच 10 मीटरमध्ये 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश मात्र 90 टक्क्यांहून अधिक शिल्लक असतो. समुद्राचे पाणी तर शुद्ध पाणी नव्हेच. देवबागजवळ समुद्राला मिळणाऱ्या कर्लीसारख्या नद्यांनी आणलेला गाळ, पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य आणि प्लवक (तरंगते सूक्ष्म जीव) यांमुळे मालवणच्या किनाऱ्याजवळ निळा प्रकाशही शोषला जातो आणि हिरवा तेवढा मागे राहतो. अंदमानात किंवा मुर्डेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाजवळ स्वच्छ दिवशी पाणी निळे दिसते. आपल्याकडे ते बहुतेक वेळा हिरवे असते. या दोन पाण्यांत हरवलेले रंग वेगळे आहेत, म्हणून त्यांच्यावरचा उपायही एक असू शकत नाही.

येथून लाल फिल्टरकडे वळू. फिल्टर लाल रंग ‘घालतो’ ही समजूत इतकी पक्की आहे की शिकवणारेही पुष्कळदा तसेच सांगतात. प्रत्यक्षात फिल्टर काहीही घालत नाही. तो निळा आणि हिरवा प्रकाश अडवतो, त्यामुळे उरलेला थोडासा लाल प्रकाश त्यांच्या तोलाचा ठरतो आणि कॅमेऱ्याला रंगांचे संतुलन साधणे सोपे जाते. या सोयीची किंमत प्रकाशात मोजावी लागते, आणि ती साधारण एक ते दोन स्टॉप, म्हणजे निम्मा ते तीन चतुर्थांश प्रकाश, इतकी असते. निळ्या, स्वच्छ पाण्यात 5 ते 20 मीटरच्या दरम्यान हा सौदा परवडतो. 2-3 मीटरवर लाल प्रकाश अजून पुरेसा असल्याने फिल्टर लावलेले चित्र तांबडे दिसते. फार खोलवर लाल काही उरलेलेच नसते, तेव्हा फिल्टर फक्त अंधार वाढवतो. मालवणच्या हिरव्या पाण्यासाठी लालऐवजी मॅजेंटा छटेचा फिल्टर लागतो, कारण तेथे मुख्यतः हिरवा अडवायचा असतो. हातात व्हिडिओ लाइट असेल तर फिल्टर काढूनच ठेवावा. लाइटचा प्रकाश जवळून येतो, त्यातला लाल अजून शाबूत असतो, आणि फिल्टरमागून समोरचा मासा उकडलेल्या खेकड्यासारखा दिसू लागतो. तेव्हा ‘कायम लावलेला’ हा शब्द खोडून ‘काढता-घालता येणारा’ असे वाचावे.

लिनिअर लेन्सचा सल्ला वरवर निरुपद्रवी वाटतो, पण माझ्या मते या संदेशातील सर्वांत महागडी चूक हीच आहे. हाउसिंगची (कॅमेऱ्याच्या जलरोधक खोक्याची) सपाट काच आणि पाणी यांच्यामधल्या अपवर्तनाने दृश्यक्षेत्र आधीच आक्रसते: हवेत 120 अंश दिसणारे क्षेत्र पाण्यात साधारण 81 अंशांवर येते. त्यावर लिनिअर निवडले की कॅमेरा कडा सरळ करण्यासाठी चित्र आणखी कापतो. मग पूर्ण कासव किंवा सोबतचा डायव्हर चौकटीत बसवायला मागे सरकावे लागते, आणि मागे सरकणे म्हणजे मधले पाणी वाढवणे. लाल प्रकाशाचा हिशेब केवळ खोलीचा नसतो. पृष्ठभागापासून वस्तूपर्यंत आणि वस्तूपासून लेन्सपर्यंत अशी दोन्ही अंतरे त्यात धरावी लागतात. 8 मीटर खोलीवर 2 मीटर दूरच्या माशाकडून कॅमेऱ्यापर्यंत पोचणारा लाल प्रकाश 3 टक्क्यांच्या जवळपास असेल, तर त्याच माशापासून अर्ध्या मीटरवर पोचल्यावर तो साडेपाच टक्क्यांवर जातो. कोणतेही बटण न दाबता मिळालेली ही सुमारे 1.7 पट वाढ आहे. शिवाय मधल्या पाण्यातील तरंगत्या कणांचा पडदाही तेवढाच पातळ होतो, आणि 4-5 मीटर दृश्यतेच्या दिवशी ही बाब रंगापेक्षाही महत्त्वाची ठरते. म्हणून लेन्स वाइडच ठेवावी आणि जवळ जावे. पाण्याखाली सरळ रेषा फारशा नसतातच. खडकाची कड किंचित वाकलेली दिसली म्हणून कोणाला खटकत नाही.

4के ठेवण्याबद्दल माझी तक्रार नाही. साठवणीला जागा असेल तर ते ठेवावे. प्रश्न 60 फ्रेमचा आहे. सेकंदाला 60 फ्रेम टिपायच्या तर प्रत्येक फ्रेमला जास्तीत जास्त एक साठांश सेकंद मिळतो. 30 फ्रेमवर तोच वेळ दुप्पट होतो. अॅक्शन कॅमेऱ्याच्या लेन्सचे छिद्र सहसा स्थिर असते, ते मोठे करून तूट भरता येत नाही. तेव्हा उजेड कमी पडला की 60 फ्रेमवरचा कॅमेरा आयएसओ वाढवतो आणि चित्रात दाणे उतरतात. दुपारच्या उन्हात 3-4 मीटरवर माशांचा थवा संथ गतीत दाखवायचा असेल तर 60 फ्रेम जरूर वापराव्यात. ढगाळ दिवशी 10 मीटरवर खडकाच्या कपारीत डोकावताना मात्र 30 फ्रेमच बऱ्या.

आयएसओ 6400 पर्यंत मोकळा सोडण्याचा सल्ला याच चुकीवर आणखी भार टाकतो. छोट्या सेन्सरवर एवढ्या आयएसओला येणारे दाणे पाण्याच्या एकरंगी पार्श्वभूमीवर जास्तच उठून दिसतात. त्याहून वाईट म्हणजे व्हिडिओ दाबून साठवताना कॅमेऱ्याचा बराच बिटरेट (दर सेकंदाला साठवता येणारी माहिती) या थरथरत्या दाण्यांवर खर्च होतो आणि प्रवाळाचा बारीक पोत पुसट होतो. मी कमाल मर्यादा 800 वर ठेवतो. चित्र थोडे काळोखे आले तरी चालते. किंचित काळोखे चित्र उजळता येते, दाण्यांत बुडालेला पोत मागाहून मिळत नाही.

ऑटो व्हाइट बॅलन्सच्या बाबतीत मात्र संदेशाला थोडे माप द्यावे लागेल. अलीकडच्या काही कॅमेऱ्यांत रंग-तापमान मोजणारा स्वतंत्र सेन्सर असतो, त्यांचा ऑटो बऱ्यापैकी काम करतो, आणि ज्याला घरी रंगकाम करायचेच नाही त्याला तो पुरेसा आहे. अडचण अशी की ऑटो चौकटीत जे दिसेल त्यावर निर्णय बदलतो. कॅमेरा पांढऱ्या वाळूवरून मोकळ्या पाण्याकडे वळवला की एकाच शॉटच्या मध्यावर रंग सरकतो, आणि असा सरकलेला रंग एका दुरुस्तीने सुधारता येत नाही. गोप्रोमध्ये ‘नेटिव्ह’ हा पर्याय आहे. त्यात कॅमेरा रंगात कमीत कमी ढवळाढवळ करतो, चित्र सुरुवातीला उदास दिसते, पण संपूर्ण शॉटभर एकसारखे राहते. मग 5500 किंवा 6500 केल्व्हिन असा रंग-तापमानाचा आकडाच का ठरवू नये, असे विचारले जाते. केल्व्हिनचा आकडा निळ्या-पिवळ्या दिशेनेच रंग हलवतो. हिरवेपणा कमी करण्याची सोय त्यात नाही, आणि आपल्या किनाऱ्यावर नेमका तोच त्रास असतो.

स्टॅबिलायझेशनविषयी थोडक्यात. ते दोन फ्रेममधला धक्का सावरते, एका फ्रेमच्या आत झालेला धूसरपणा नाही. त्यामुळे कमी उजेडात चौकट स्थिर आणि तपशील मात्र मधूनमधून पुसट, असे विचित्र चित्र मिळते. वरच्या पातळ्या चौकटही अधिक कापतात, म्हणजे लिनिअरचाच दोष पुन्हा. मधली पातळी आणि कॅमेरा धरायला दोन मुठींचा ट्रे पुरतो. ज्याचे उत्प्लावन, म्हणजे डायव्हरांच्या भाषेत बॉयन्सी, अजून स्थिरावलेले नाही, त्याने कॅमेरा इन्स्ट्रक्टरकडेच द्यावा; एका हाताने स्टिक धरून दुसऱ्याने प्रवाळाचा आधार घेणारे पाहुणे मी पुष्कळ पाहिले आहेत.

राहिला अॅपमध्ये रंग परत आणण्याचा दावा. अॅपला जे नोंदले गेले आहे तेच वाढवता येते. 8 बिटच्या व्हिडिओत प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या असतात. समजा लाल रंगाने त्यातल्या तळाच्या 20 पायऱ्याच वापरल्या, तर त्या ताणून 256 वर पसरवल्यावर मधल्या पायऱ्या कुठून येणार? त्वचेवर लालसर चट्टे आणि पाण्यात जांभळी झाक दिसते ती यामुळेच. 10 बिट नोंदणी असेल तर पायऱ्या 1024 होतात आणि ताणायला थोडी जागा मिळते, म्हणून ती सोय असलेल्या कॅमेऱ्यात ती चालू ठेवावी. फ्लॅट रंगप्रोफाइल (मुद्दाम फिके रंग नोंदणारी सेटिंग) मात्र घरी खरोखर बसून रंगकाम करणार असाल तरच निवडावे.

यातले सर्व बदल होडीत बसल्यावर, हाउसिंग बंद करण्यापूर्वीच करावे लागतात, कारण पाण्याखाली टचस्क्रीन चालत नाही आणि हाउसिंगच्या बटणांनी मेनूत शिरणे म्हणजे टाकीतली हवा दाखवणाऱ्या प्रेशर गेजवरची नजर काढून घेणे. म्हणून मी होडी खडकांपाशी नांगर टाकते तेव्हा आधी काठावरून खाली वाकून पाण्याचा रंग पाहतो, इन्स्ट्रक्टरला त्या दिवसाची दृश्यता आणि खोली विचारतो, आणि मग मॅजेंटा फिल्टर खिशात ठेवायचा की काचेवर, हे ठरवतो.